आधी शिवा, मग कापा : चिंध्यांच्या ब्लॉकबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ब्लाऊजच्या गळ्याबद्दल लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, की कटिंगनंतर उरलेल्या चिंध्या फेकू नका, त्यांचे मापाशिवाय ब्लॉक, म्हणजे तुकड्यांना तुकडे लावून केलेले चौकोन, जोडा आणि वाकळीला (गोधडीला) वापरा. गळा राहिला बाजूला, सगळे प्रश्न त्या एका वाक्यावरच आलेत. म्हणून यावेळी गळ्याला सुट्टी. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत, भाषा मात्र ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न (येळ्ळूर) : अक्का, मी घरातच ब्लाऊज शिवतो, दहा-बारा वर्षं झाली. चिंध्यांची तीन पोती माळ्यावर हायत. तुमचं वाचून मोबाईलवर ते मापाशिवाय जोडायचं, इम्प्रोव्ह का काय म्हणत्यात, त्याचे व्हिडिओ बघितलो आणि करायला बसलो. त्या बाईचं बघून वाटतंय किती सोपं, कुठलापण तुकडा उचलती आणि लावती. माझा मात्र नुसता उकिरडा झालाय. सासूबाई म्हणाल्या, "हे काय गं, पायपुसणं शिवालीस?" कुठं चुकालोय सांगा.

उत्तर : अगं, तुझं पत्र मी मुद्दाम जसंच्या तसं छापायला लावलंय. बाईनं "बघितलो, बसलो" लिहिलंय ते पुण्याकडच्या वाचकांनी मुद्रणदोष समजू नये, आमच्या बेळगावकडं बायका अशाच बोलतात, मीपण घरी तशीच बोलतो, इथं लिहिताना तेवढं शहाण्यासारखं "बोलते" करते.

आता चुकतंय कुठं, तर तू दहा-बारा वर्षं ब्लाऊज शिवतेस ना, तिथंच चुकतंय. ब्लाऊजला आपण माप घेतो, ड्राफ्टिंग करतो, कापतो आणि सगळ्यात शेवटी मशीनवर बसतो. एकदा कात्री चालली की विषय संपला, मुंढा (बाहीची गोलाई) खोल गेला तर गेला. हे ब्लॉक बरोबर उलटं मागतात. आधी शिवायचं, मग कापायचं, मग त्याला अजून काहीतरी शिवायचं, परत कापायचं. माझी पैज आहे की तू आधी बसून चिंध्यांचे छान चौकोन कापून घेतलेस, हाताला सवयच ती, आणि मग ते डोळे मिटून एकमेकांना लावलेस. म्हणजे मेहनत मापाची झाली आणि दिसणं मनमानीचं, दोन्हीकडून तोटा.

त्यापेक्षा असं कर. एक पोतं खाली ओत आणि तीन ढीग कर, फिकट, मधलं, गडद. साईझ बघू नको, लाल की हिरवा तेपण बघू नको, फक्त किती गडद तेवढं बघ. आपल्याला वाटतं लाल आणि हिरवा म्हणजे केवढा फरक, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर पाच फुटांवरून एकच ढब्बा दिसतो आणि उकिरडा वाटतो तो बहुतेक वेळा ह्यानंच. शंका आली की दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढ आणि ब्लॅक अँड व्हाईट कर, एकसारखे राखाडी दिसले तर त्यांना शेजार देऊ नको. दीड इंचापेक्षा अरुंद चिंध्या बाजूला काढ, शिलाईत दोन्हीकडून पाव पाव इंच जातो, मग इंचाची पट्टी शेवटी अर्धाच इंच उरते, आणि अर्ध्या इंचाशी झटापट करायचं तुझं वय अजून झालं नाही, ते नंतर कर.

मग एक गडद, एक फिकट, सुलट बाजू आत, पाव इंचावर टीप. टाका ब्लाऊजपेक्षा थोडा बारीक ठेव, कारण हीच शिलाई आपण नंतर आडवी कापणार आहे आणि तिथं काही उलटी टीप मारून पक्कं केलेलं नसतं, टाका मोठा असला की कापल्यावर टोकं उसवत जातात. इस्त्री मार, पण दाबून उचलायची, घासायची नाही, घासलीस की कापड ताणतं आणि पुढं सगळं वाकडं जातं. शिलाईची पट्टी गडद कापडाकडं पाड, म्हणजे फिकटातून काळी रेघ दिसत नाही. आता त्या जोडतुकड्याची एक बाजू अंदाजानं सरळ काप. सरळ म्हणाले, काटकोनात नाही. हे नीट लक्षात घे, कारण सगळा खेळ ह्या एका फरकात आहे : कड सरळ पाहिजे म्हणजे पुढची शिलाई चुणीशिवाय बसते, पण ती कुठल्या कोनात आहे ह्याचं आपल्याला काही पडलेलं नाही. तिरकी गेली तर उलट मजा. त्या सरळ कडेला तिसरा तुकडा लाव, जरा लांबच घे, बाहेर लोंबणारं कापून टाक. मग चौथा. तुकडा आखूड पडला तर उसवत बसू नको, त्यालाच अजून एक चिंधी जोड आणि लांब कर. असे तळहाताएवढे दहा-बारा जोडतुकडे आधी करून ठेव, एकामागं एक, मध्ये धागा न तोडता मशीनमधून काढायचे, मग सगळ्यांना एकदम इस्त्री. नंतर ते तळहात एकमेकांना जोडून मोठा ब्लॉक. आणि मोठा झालेला ब्लॉक आवडला नाही तर सरळ मधून तिरका काप, आत एक बारीक फिकट पट्टी घाल आणि परत जोड. पहिल्यांदा हे करताना माझा हात थरथरला होता, केलेली शिलाई कापायची म्हणजे काय! आता तोच भाग सगळ्यात आवडतो.

अजून एक. व्हिडिओतली ती बाई "कुठलापण तुकडा" उचलत नाही गं. नीट बघ, तिच्यापुढचा ढीग आधीच निवडलेला असतो. मोकळं शिवायचं असेल तर एक तरी गोष्ट बांधून घ्यावी लागते, नाहीतर काहीच धरून राहत नाही. कुणी प्रत्येक ब्लॉकची सुरुवात एकाच हळदी रंगाच्या चिंधीनं करतं, कुणी पाचच कापडं घेऊन बसतं, मी प्रत्येक ब्लॉकमध्ये साधारण तिसरा हिस्सा कोरा ठेवते, मांजरपाट किंवा ब्लाऊजचं साधं पांढरं सुती टू बाय टू. ब्लाऊजपीस सगळे फुलाफुलांचे आणि बुट्ट्यांचे, फुलाशेजारी फूल लावलं की डोळ्याला बसायला जागाच नाही.

तुझ्याकडं तर एक खजिना आहे जो त्या बाईकडं नसतो, मुंढ्याच्या आणि गळ्याच्या चिंध्या. त्या गोलसर असतात म्हणून आपण फेकतो, पण वळणाची शिलाई जमली तर त्याच सोनं. दोन तुकडे एकावर एक ठेव, दोन्हींची सुलट बाजू वर, आणि दोन्हीतून एकदम एक हलकं वळण काप, नदीसारखं, फार खोल नको. आता खालचा डावा आणि वरचा उजवा असे अदलाबदल करून घे. सुलट बाजू आत करून कडा जुळवायला गेलीस की जुळतच नाहीत असं वाटेल, घाबरू नको, एका वेळी दोन बोटं एवढंच जुळव, शिव, परत दोन बोटं. बाही बसवताना जसं करतेस अगदी तसंच. फक्त गोल चिंधीची कड उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी, असते, ताणली की ताणतच जाते, म्हणून ओढायचं नाही, मशीनला जाऊ द्यायचं.

आणि मशीनवर बसून ठरवू नको. भिंतीवर जुनी चादर लाव, ब्लॉक टाचणीनं टोच, रात्रभर राहू दे, सकाळी चहा पिताना लांबून बघ. मग कळतं कुणाला खाली न्यायचं ते.

हे सगळं काही आत्ताच्या व्हिडिओवाल्यांनी शोधलेलं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका गुलामीत राबलेल्यांच्या नाती-पणत्या, शेतात घालायच्या फाटक्या जीन आणि जुन्या कपड्यांच्या अशाच बिनमापी गोधड्या शिवायच्या, थंडी होती म्हणून. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या, २००६ ला अमेरिकेच्या पोस्टानं त्यांची तिकिटं काढली. त्यांच्यातपण चौकोनाभोवती पट्ट्या लावत जायचा एक ठरलेला प्रकार आहे, त्याला त्या घराचं छप्पर म्हणतात, म्हणजे बघ, बांधून घेतलेली एक गोष्ट तिथंही आहेच.

सासूबाईंना सांग, पहिले चार ब्लॉक खरंच पायपुसण्याला लावणार आहे. माझेपण तिथंच गेले.

प्रश्न (हल्याळ) : ताई, आमची आई वय ७४, आयुष्यभर वाकळा शिवल्या. ती म्हणते ब्लॉक वगैरे ही शहरातली थेरं, वाकळ अशी तुकड्यातुकड्यानं होत नसते. आमच्या भागात सिद्दी बायका कौदी शिवतात, त्यापण तुकडे आधी जोडत नाहीत. मग तुम्ही सांगता ते नक्की काय आहे? आणि ब्लॉक झाल्यावर त्याची वाकळ कशी करायची ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

उत्तर : तुमच्या आईंचं बरोबर आहे, त्यांना नमस्कार सांगा. ह्या दोन वेगळ्या चाली आहेत आणि मी एका वाक्यात त्या एकत्र कोंबल्या.

वाकळीत आधी थर. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक अंथरायच्या, वर एखादं बरं लुगडं, फाटलं असेल तिथं ठिगळ, आणि सगळे थर धरून धावदोरा. ठिगळ आणि धावदोरा एकाच हातात, एकाच वेळी. सिद्दी बायकांची तर ह्यातली कमाल आहे. वाचकांपैकी कुणाला माहीत नसेल तर, हे लोक मूळचे आफ्रिकेतले, कितीतरी शतकांपूर्वी गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहतात. त्यांच्या बायका एक जुनी साडी अंथरतात आणि कडेपासून सुरू करतात, चिंधीची कड आत दुमडायची, खालच्या साडीला धावदोऱ्यानं टाचत जायचं, ती संपायच्या आत पुढची चिंधी तिच्यावर थोडी चढवून दुमडायची, असं चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यात येऊन संपवायचं. माप नाही, आखणी नाही, पुढची चिंधी कुठली ते आधीची शिवून होताना ठरतं. चार कोपऱ्यांना दुमडलेले तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. हे इम्प्रोव्ह नाही तर काय आहे? नाव तेवढं इंग्रजी नाही. आपल्याकडं वाकळ म्हणा, पलीकडं कन्नडमध्ये कौदी म्हणा, सिद्दींची कवंदी म्हणा, अंगावर घेतल्यावर सगळ्या सारख्याच ऊब देतात आणि सगळ्या भिजल्यावर सारख्याच जड होतात.

ब्लॉकची चाल वेगळी. इथं वरचा थर आधी मशीनवर पूर्ण जोडून घ्यायचा आणि थर नंतर. फायदा एकच पण मोठा, काम मांडीवर मावतं. वाकळ अंथरायला घराचा सोपा (ओसरी) लागतो, दोन-तीन दिवस कुणी त्याच्यावरून चालायला नको, आणि आता टू बीएचकेमध्ये तेवढी जमीन कुठाय. ब्लॉक म्हणजे भाजी चिरून झाली, कुकरची शिट्टी होईपर्यंत एक पट्टी लावली, असं चालतं.

वाकळ कशी करायची ते सांगते. सगळे ब्लॉक जोडून वरचा थर तयार झाला की खाली एक अस्तर, जुनं सुती लुगडं सगळ्यात चांगलं, आणि मध्ये अजून एक किंवा दोन मऊ लुगडी. मधला थर फार जाड करू नका कारण ब्लॉकमध्ये शिलायांच्या पट्ट्या आधीच आहेत, त्यात अजून चार लुगडी घातलीत तर सुई शिरणार नाही, दाभणानं ओढत बसाल. अस्तर वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठं. आता तुमच्या आई कडेपासून मध्याकडं शिवतात, ते त्यांच्या पद्धतीत बरोबर आहे कारण वरची चिंधी सैल असते आणि जागेवर जुळवता येते. आपला जोडलेला थर मात्र आधीच पूर्ण आहे, कडेकडून सुरू केलं तर सगळा फुगवटा मध्यात जमा होतो आणि तिथं एक टेकडी तयार होते, मी केलीय ती टेकडी, अजून घरात आहे. म्हणून आधी मध्यापासून बाहेर, चारी दिशांना, लांब कच्चा टाका घालून घ्या. मग धावदोरा कुठूनही चालतो, आईंना त्यांच्या सवयीनं कडेपासून फिरू द्या. दोन ओळींत एक बोट अंतर. शेवटी अस्तराची उरलेली कड पुढं दुमडून घातली की वेगळी पायपिन (कडेची पट्टी) नको.

एक सुचवू का, आईंना ब्लॉक शिकवायला जाऊ नका. तुम्ही ब्लॉक जोडा आणि धावदोऱ्याला त्यांच्यापुढं नेऊन ठेवा. पहिल्या ओळीला बोलतील, दुसऱ्या ओळीला गप्प होतील.

प्रश्न (निपाणी) : नमस्कार मॅडम, मी इंजिनिअरिंगला आहे, मुलगा आहे, हसू नका. आजीच्या पायमशीनवर लॉकडाऊनमध्ये शिवायला शिकलो. ३५ ब्लॉक झाले पण प्रत्येकाचा साईझ वेगळा आहे, ११ पासून १४ इंचापर्यंत. आता जोडू कसे?

उत्तर : हसायचं काय त्यात, संत नामदेव शिंपीच होते, आणि ब्लाऊज सोडून बाकी अर्धं बेळगाव अजून पुरुष टेलरच शिवतात.

इंजिनिअर आहेस तर गणित आधी करायला पाहिजे होतंस. तयार ब्लॉक १२ इंचाचा पाहिजे असेल तर शिलाईचे पाव पाव इंच धरून साडेबाराचा कापायचा. ५ आडवे, ७ उभे असे ३५ ब्लॉक म्हणजे ६० बाय ८४ इंच, पाच फूट बाय सात फूट, एका माणसाला भरपूर. आता जे साडेबारापेक्षा मोठे आहेत ते कापून टाक, पण मध्य धरून कापायचं असं काही नाही, पुठ्ठ्यात साडेबाराची खिडकी कापून ब्लॉकवर फिरव, तिरकी फिरव, जिथं चांगलं दिसतं तिथं थांबव आणि तेवढं काप. लहान आहेत त्यांना एका किंवा दोन बाजूंनी पट्टी लाव, चारी बाजूंनी सारखी लावलीस तर फोटो फ्रेम दिसेल. एकच कडेला जाड पट्टी लागली तर ब्लॉक आत सरकल्यासारखा दिसतो, ते चांगलं दिसतं.

किंवा उंचीला कापूच नको. पाच उभ्या रांगा कर, रांगेतल्या ब्लॉकची फक्त रुंदी सारखी ठेव, उंची कुणाची ११ कुणाची १४ असू दे, रांग शेवटी ८४ ला पोचली की झालं, जास्तीची खाली कापून टाक. मग आडव्या शिलाया एकमेकांसमोर येतच नाहीत, त्यामुळं कोपरे जुळवायची कटकटपण नाही. मी आता नेहमी असंच करते, आळशी आहे म्हणून.

पाव इंच नेमका कुठं येतो ते आधी बघ, आजीच्या मशीनचा पाय किती रुंद आहे त्यावर विसंबू नको. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पाटीवर चिकटपट्टी लाव आणि तिला धरून कापड चालव.

प्रश्न (संकेश्वर) : ताई, माझ्याकडं खण आहेत, टेरीकॉटच्या पँटचे तुकडे, नायलॉन साडी, एक इरकल लुगडं सासूबाईंच्या आईचं, थोडं पैठणीचं काठ, आणि मुलांचे टीशर्ट. सगळं एकत्र चालेल का? एकजण म्हणाली आधी मिठाच्या पाण्यात भिजवा म्हणजे रंग जात नाही.

उत्तर : सगळं एकत्र नको हो. ब्लॉकमध्ये रंग कुठलापण चालतो, पण धुतल्यावर आटणारं आणि न आटणारं एका शिलाईत आलं की पहिल्या धुण्यातच चुण्या पडतात. कुठलं काय ते ओळखू येत नसेल तर कडेचे दोन-चार दोरे ओढून घ्या, चिमट्यात धरून पणतीवर जाळून बघा, खाली पाण्याची वाटी असू दे. सुती दोरा कागद जळाल्यासारखा वास मारतो आणि राख बोटात चुरगळते. रेशमाला केस जळाल्याचा वास. टेरीकॉट, नायलॉन आक्रसत वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मणी झालेलं सगळं एका पिशवीत, त्याच्या बाजाराच्या पिशव्या शिवा, छान टिकतात, पण सुतीच्या गरम इस्त्रीखाली आणू नका.

टीशर्ट ताणतात, वेगळे ठेवा. खण मात्र घ्याच, गुळेदगुड्डचा खण ज्यानं हातात घेतलाय त्याला सांगायला नको तो रंग कसा उठतो, आपल्याकडं प्रत्येक घरात चोळीच्या खणाच्या चिंध्या सापडतातच. पण खणाची कापलेली कड फार सुटते, पाव इंचाची शिलाई हां हां म्हणता उसवते, त्याला अर्धा इंच द्या. आणि कापायच्या आधी भाताच्या पेजेची पातळ खळ करून इस्त्री मारा, कापड कागदासारखं होतं, सुटत नाही आणि ताणतपण नाही. उरेब चिंध्यांनापण हीच युक्ती. फक्त वाकळ झाल्यावर एकदा धुवून खळ काढायची, नाहीतर कसर लागते.

रंगाचं. कापडाला आधी लागलेला रंग मिठानं पक्का होत नाही, मी करून बघितलंय आणि त्याची किंमत मोजलीय. लाल खण आणि पांढरा मांजरपाट, रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून, शिवून, धावदोरा घालून सगळं पूर्ण केलं, दसऱ्याच्या धुण्याला ती वाकळ काढली आणि बादलीत हात घातला तर पाणी जास्वंदीसारखं. पांढरं सगळं गुलाबी झालं. घरातले म्हणाले, मुद्दाम केलंय असं सांग. तेव्हापासून शिवायच्या आधी चिंधीवर ओला पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबते, रुमालाला रंग लागला तर ती चिंधी दोन-तीन धुण्यांनी सरळ होते का बघायची, नाही झाली तर गडद ब्लॉकमध्येच वापरायची, पांढऱ्याच्या शेजारी कधीच नाही.

राहिलं इरकल. अंग सुती आणि पदर रेशमी, पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांना फासे घालून अडकवलेले, ती जोडणी बघण्यासारखी असते. लुगडं धड असेल तर कात्री लावू नका, घडी घालून ठेवा आणि वर्षातून एकदा नेसा. जागोजागी विरलं असेल तर अंगाचं कापड वाकळीच्या आत किंवा अस्तराला घाला, धुवून धुवून झालेला तो मऊपणा दुकानात मिळत नाही, आणि पदर वेगळा काढून ठेवा. पैठणीच्या काठातली जर ब्लॉकमध्ये घालू नका, टोचते, झोपताना गालाला ओरखडे. भिंतीवर लावायचं काही करणार असाल तर वेगळी गोष्ट.

प्रश्न (खानापूर) : आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन दिसत नाही. गेल्या वर्षीच्या वाकळीला कुबट वास येतो. काय करू?

उत्तर : पावसात धुऊ नका, एवढंच. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात सहा थरांची वाकळ वाळायची म्हणजे दिवाळी येईल. मे महिन्यात कडक उन्हात दोन्ही बाजू तापवून, पूर्ण गार झाल्यावर सुती चादरीत गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. धुणं दसऱ्याच्या आधी उघडीप मिळाली की. म्हणूनच वर मधला थर पातळ ठेवा म्हटलं, पातळ वाकळ दोन उन्हात वाळते.

प्रश्न (चिक्कोडी) : आमचा १० जणींचा बचत गट आहे. ब्लॉकच्या वाकळी करून विकायचं म्हणतोय. एकजण ऑर्डर द्यायला तयार आहे पण ८०० रुपयाच्या वर देत नाही. चिंध्या फुकटच्या आहेत मग परवडेल ना?

उत्तर : चिंध्या फुकटच्या आहेत, तुम्ही फुकटच्या आहात का?

हिशोब मांडा. माझा हात काही जलद नाही पण एक ब्लॉक साधारण ४० मिनिटं घेतो, ३५ ब्लॉकचे तेवीस तास झाले. जोडायला आणि कच्चा टाका घालायला पाच तास धरा. आता धावदोरा, पाच बाय सात फुटाच्या वाकळीत बोटभर अंतरावर ओळी घातल्या तर सगळ्या ओळींची लांबी १६० मीटरच्या वर जाते, विश्वास बसत नसेल तर मोजून बघा, आणि तासाला चार मीटर गेला तरी ४० तास. एकूण ६८ तास, म्हणजे आठ तासाच्या हिशोबानं साडेआठ दिवस. तुमच्याकडं उसाच्या भांगलणीला बाईला दिवसाचा जो रोज मिळतो त्याला साडेआठनं गुणा, त्यात दोरा, सुया, मशीनचं तेल, इस्त्रीचं बिल घाला. ८०० रुपये कुठं पोचतात ते दिसेल.

मग करूच नका असं नाही. मोठी वाकळ ऑर्डरशिवाय करू नका आणि ह्या भावाला तर अजिबात नको. लहान बाळाचं दुपटं करा, १२ इंचाचे नऊ ब्लॉक, तीन बाय तीन फूट, आत एकच मऊ लुगडं, दोन-अडीच दिवसात होतं आणि बारशाला लोक हौसेनं घेतात. पण बाळाचं आहे तर खण नको, जर नको, टिकल्या नकोत, फक्त धुतलेलं सुती. दहाजणी आहात तर काम वाटून घ्या, पण एका दुपट्यातले नऊच्या नऊ ब्लॉक एकीनंच जोडायचे, आणि कच्चा टाका ते धावदोरा दुसरीकडं. मी एकदा नऊ जणींचे नऊ ब्लॉक एकत्र केले होते, प्रत्येकीचा पाव इंच वेगळा निघाला.

आणि ती ऑर्डर देणारी व्यक्ती परत आली तर तिला एक सुई आणि दोरा द्या, एक मीटर धावदोरा घालून बघा म्हणावं, मग भाव बोलू.